सात अक्षरांची जागा आणि तीस मैलांचा घोळ: ओशनिक रूट प्लॅनर, पाच महिन्यांनंतर

हा रिव्ह्यू मी आधी अर्धा लिहून ठेवला होता, दोन स्टार देऊन, भयंकर चिडून. आता चार देतोय. का ते वाचा, जरा लांबलंय.

पाच महिन्यांत घरच्या फ्लाइट सिम्युलेटरवर हीथ्रोहून केनेडी, बोस्टन, टोरंटो आणि परत अशा चाळीसेक फ्लाइट्स या प्लॅनरवर, म्हणजे समुद्रापारचा मार्ग आखून देणाऱ्या सॉफ्टवेअरवर, काढल्या. त्या दिवशीचे नॅट ट्रॅक (उत्तर अटलांटिकवर रोज नव्याने ठरणारे मार्ग) आपोआप येतात, वारं धरून कुठला स्वस्त पडतो ते सांगतो, आणि पश्चिमेला जाताना तुम्ही ३० वेस्टला (३० अंश पश्चिम रेखांशावर) ११३० ते १९०० झुलू, म्हणजे यूटीसी, या वेळेबाहेर पोचणार असाल तर जबरदस्तीने ट्रॅक न घालता रँडम रूट (ट्रॅक सोडून आखलेला मार्ग) देतो. हे बऱ्याच प्लॅनरना जमत नाही. इटॉप्सचे (दोन इंजिनांच्या विमानांसाठीच्या लांब पल्ल्याच्या नियमांचे) ऑल्टरनेट, म्हणजे अडचणीत उतरायचे विमानतळ, शॅनन, गँडर, केफ्लाविक वगैरे, व्यवस्थित. इंधनाचा अंदाजही बरोबर येतो. यावर जास्त बोलत नाही.

आता मूळ दुखणं. एका रविवारी ऑनलाइन उडत होतो, ३० वेस्टला शॅनविकचं नियंत्रण क्षेत्र संपून गँडरचं सुरू होतं तिथे कंट्रोलर म्हणतो, तुमची पोझिशन कन्फर्म करा. मी अगदी ऐटीत ट्रॅक वाचून दाखवला. तो म्हणाला ट्रॅक बरोबर आहे हो, पण तुम्ही त्याच्यावर नाही, शेजारच्या ट्रॅकवर आहात. तीस मैल दक्षिणेला! माझ्या मागे कोणीतरी त्याच लेव्हलला येत होतं, त्याला बिचाऱ्याला खाली उतरवावं लागलं.

झालं असं की प्लॅनमध्ये पॉइंट होता ५५३०/३०, म्हणजे साडेपंचावन्न नॉर्थ, तीस वेस्ट. विमानात लोड केल्यावर नेमका तोच पॉइंट गायब आणि तिथे डिसकंटिन्युइटी, म्हणजे रूटमध्ये खंड. मग मी हाताने ५५३०एन टाकलं, एफएमसीने (विमानाच्या मार्ग सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरने) मुकाट्याने घेतलं. पण डेटाबेसमध्ये ५५३०एन म्हणजे पंचावन्न नॉर्थ, तीस वेस्ट! अर्ध्या अंशाचा खरा पॉइंट एच५५३०. लेगचं (दोन पॉइंटमधलं) अंतर जवळपास तेवढंच येतं, त्यामुळे शंकाही आली नाही.

सपोर्टला तीन मेल टाकले. तिन्हीला एकच उत्तर, तुमचा नेव्ह डेटा (विमानातला पॉइंटचा डेटाबेस) अपडेट करा. डोकं फिरलं, दोन स्टारवाला रिव्ह्यू तेव्हाचाच.

नंतर शांतपणे बघितलं तर च्यायला, बरोबर होतं त्यांचं. नेव्ह डेटाचं सबस्क्रिप्शन महाग वाटतं म्हणून मी विमानात जुनाच फुकटचा डेटा चालवत होतो, त्यात हे एचवाले पॉइंट नव्हतेच. चूक माझ्या कंजूषपणाची.

तरी एक स्टार कापणारच. यांच्या पहिल्या पानावर रूटची जी पट्टी येते तिथे साडेपंचावन्न असो की पंचावन्न, दोन्ही एन५५डब्ल्यू०३० असंच छापतात. विमानाच्या स्क्रीनवर सात अक्षरांचीच जागा असते म्हणून तिथे कापलं तर समजू शकतो, पण यांच्या कागदावर जागेची काय टंचाई आहे? पूर्ण कोऑर्डिनेट आत नेव्हलॉगच्या (पॉइंटवार तक्त्याच्या) बारीक कॉलममध्ये आहेत. तिथे कोण बघतो? मी तरी बघितलं नव्हतं.

आता लोड झाल्यावर प्रत्येक समुद्री पॉइंट स्क्रॅचपॅडवर (एफएमसीच्या खालच्या ओळीत) उतरवून पूर्ण आकडे वाचतो, आणि पॉइंट ओलांडल्यावर दहा मिनिटांनी चार्टवर पोझिशन टाकून बघतो, खरे पायलट करतात तसं. कंटाळवाणं वाटेल, पण ओशनवर तसंही चार तास दुसरं करायला काय असतं.

सबस्क्रिप्शनही घेतलं. एकच महिन्याचं. एअरॅक (नेव्ह डेटाचं अधिकृत चक्र) दर २८ दिवसांनी बदलतं ते ठीक आहे, पण साडेपंचावन्न नॉर्थ काही २८ दिवसांनी जागा सोडत नाही, ट्रॅक तर रोज प्लॅनरवर फुकट येतात, त्यामुळे आता वर्षभर रिन्यू करत नाही.