होडी बांधण्यासाठी केलेलं टेबल: आठ महिने वापरल्यानंतर

नोव्हेंबरात अलिबागजवळच्या आमच्या घराच्या पडवीत साडेअकरा फुटी होडी बांधायला घेतली. प्लायवूडची, सपाट तळाची, वल्ह्यांवर चालणारी. होडीबद्दल नंतर लिहीन. हा अनुभव तिच्याखालच्या टेबलाचा आहे. नवख्या माणसाने पहिला महिना आणि पहिले पैसे इथेच घालावेत, असं माझं ठाम मत झालंय.

सुरुवात मी दोन जुने फ्लश दरवाजे घोड्यांवर टाकून केली होती. ते चाललं नाही. मरीन प्लायचा, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या, आयएस 710 शिक्क्याच्या प्लायचा, ताव मिळतो 8 फूट बाय 4 फूट. होडी त्याहून लांब, म्हणून दोन ताव जोडावेच लागतात. 6 मिमी प्लायच्या दोन्ही कडा 48 मिमी रुंदीपर्यंत रंध्याने उतरत्या तासायच्या, एकमेकींवर चढवायच्या आणि इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून करायचा गोंद, लावून दाबायच्या. खालचा पृष्ठभाग जिथे झोल खातो तिथे हा सांधा पोकळ राहतो. माझा पहिला सांधा असाच गेला, आणि तो तुकडा कापून टाकताना जीव हळहळला.

मग नीट टेबल केलं: 14 फूट लांब, 2 फूट रुंद, शिडी आडवी ठेवावी तशी चौकट. लांब बाजू वखारीतल्या लाकडाच्या न करता 19 मिमी प्लायच्या 8 इंची पट्ट्यांच्या केल्या, दुहेरी, सांधे मागेपुढे ठेवून. ओलं लाकूड कोकणच्या हवेत पीळ घेतल्याशिवाय राहत नाही. प्लायच्या बाजू पावसातही सरळ राहिल्या. दोन फूट रुंदी कमी वाटेल, पण दोन्ही बाजूंनी हात पोचतो, क्लॅम्प कुठेही बसतो. ताव जोडायचे असले की वर सुटे पाट टाकतो.

पडवीला अंगणाकडे ढाळ असतोच. पाण्यासाठी तो हवाच, पण 14 फुटांत सव्वा इंचाचा फरक निघाला. पायांना खालून अर्धा इंची बोल्ट आणि नट बसवले, प्रत्येक बोल्टखाली कडाप्प्याचा तुकडा. पाना फिरवला की कोपरा वर-खाली होतो, आणि लाकूड जमिनीला टेकत नसल्याने वाळवीही चढली नाही. लेव्हल गवंड्यांच्या पाण्याच्या नळीने काढली. पाण्यात थोडी नीळ घाला म्हणजे रेघ स्पष्ट दिसते, आणि नळीत बुडबुडा राहिला नाही ना, ते दोनदा बघा.

लेव्हलपेक्षाही महत्त्वाचा आहे पीळ. टेबल एका बाजूला थोडं कललं तर होडीचं काही बिघडत नाही. टेबलाला पीळ असेल तर तो होडीत उतरतो आणि ती पाण्यात एका अंगाला ओढते. दोन्ही टोकांना एकेक सरळ पट्टी आडवी ठेवायची, एका टोकाशी बसून एक डोळा मिटायचा, आणि दोन्ही पट्ट्यांच्या कडा समांतर दिसतात का ते बघायचं. खाडीवरचे होडी बांधणारे मिस्त्रीकाका एकदा येऊन गेले. ते पठाण, म्हणजे होडीच्या तळाचा लांब कणा, ओंडक्यांवर मांडून काम करतात, टेबल वापरत नाहीत. त्यांनी आल्या आल्या उकिडवं बसून असाच एक डोळा मिटला.

मधली रेघ आधी गेरूच्या दोरीने मारली होती. इपॉक्सीचे हात आणि भुसा यांनी ती महिन्याभरात पुसली. मग पोलादी पट्टी धरून कटरने कायमची खाच पाडली. हे पहिल्याच दिवशी करा.

इपॉक्सी चिकटू नये म्हणून पातळ प्लास्टिक अंथरलं, तर त्याच्या सुरकुत्या सांध्यावर उमटल्या आणि घासता घासता खांदे भरून आले. आता जाड प्लास्टिक ताणून ठोकतो, सांध्याखाली खाकी पॅकिंग टेप. जूननंतर दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो. तो आधी पाण्याने धुवून काढायचा, मगच पॉलिश पेपर लावायचा, नाहीतर तो थर खाली रगडला जातो.

जुलैत एका रविवारी तपासताना 4 मिमी पीळ निघाला. प्लायला दोष द्यायला निघालो होतो, पण अंगणाकडच्या कोपऱ्यातली लादी पाणी मुरून खचली होती. पाना लावला तर बोल्ट गंजून जाम. खाऱ्या हवेत साधे बोल्ट वापरणं ही माझी चूक. स्टेनलेसचे घ्या, किंवा निदान ग्रीस तरी चोपडा. रॉकेल सोडून दोन दिवसांनी तो फिरला. तोपर्यंत चिकटवण्याचं काम बंद ठेवलं.

उंची 22 इंच ठेवली आहे. उलटी होडी तासताना तळ बरोबर कमरेशी येतो, पाठ दुखत नाही. पण वल्ही तासायला ही उंची फार कमी पडते. सध्या होडी खाली उतरवून वल्ह्यांचंच काम चालू आहे, त्यासाठी पायांखाली एक फुटी ठोकळे करतोय.