तालुक्याच्या वाचनालयात जगबुडीच्या कविता, तीन रविवारचा अनुभव

आमच्या तालुक्याच्या वाचनालयाने मे महिन्यात तीन रविवार जगबुडीच्या कवितांचं वाचन ठेवलं होतं, फी काही नाही, मेंबर नसाल तरी चालतं. मी तिन्ही रविवार गेलो. बाहेर ४५ डिग्री अन् हॉलमध्ये एकच कूलर, त्यात पाणी टाकायला पोरगा सारखा बादली घेऊन यायचा, तरी पंचवीसेक माणसं शेवटपर्यंत बसली, अर्धे तर शेतकरीच.

पहिल्या रविवारी आयरिश कवी येट्सची 'द सेकंड कमिंग', १९१९ ची. ससाणा इतका लांब गेला की मालकाची हाक त्याला ऐकू येत नाही, सगळं विस्कटत चाललंय. कविता वाचून समजावणाऱ्या सरांनी सांगितलं की महायुद्ध नुकतंच संपलं होतं आणि कवीची गरोदर बायको त्याच फ्लूतून वाचली होती, ज्याला आपल्याकडे मानमोडी म्हणत. मानमोडी म्हटल्याबरोबर मागचे एक आजोबा बोलले, "आमच्या घरचे चार जन एकाच हप्त्यात गेले म्हने, लाकडं पुरले नाई." मग सरांनी कविता पुन्हा पहिल्यापासून वाचली, तेव्हा मला ती कळली.

दुसरा रविवार मात्र लयच भारी. इंग्रजी कवी एलियटची 'द वेस्ट लँड', १९२२. सरांनी फक्त शेवटचा पाचवा भाग घेतला आणि बरोबर केलं. नुसते खडक, पाणी नाही, गडगडाट कोरडाच, गंगा आटलेली, पानं मलूल होऊन पावसाची वाट पाहतात आणि काळे ढग तिकडे लांब हिमालयावर. लिहिणारा लंडनच्या बँकेत नोकरीला, ऐकणारे आम्ही कोरडवाहू कपाशीवाले, मृग कोरडा गेला की दुबार पेरणीसाठी बियाणं उधार आणणारे. बाजूचे काका म्हणाले, "हा त आपलाच जून महिना सांगून राह्यला नं." पुढे ढगातून द द द आवाज येतो तो बृहदारण्यक उपनिषदातला, प्रजापती एकच अक्षर बोलतो आणि देव, माणसं, असुर तिघं तीन अर्थ घेतात. माणसांना ऐकू येतं, द्या. हे ऐकल्यावर ढग गरजला की माझ्या मनात आधी हेच येतं.

तिसऱ्या रविवारी एलियटचीच 'द हॉलो मेन' आणि मर्ढेकरांची पिपातल्या उंदरांची कविता. एलियट म्हणतो, जग धमाक्याने नाही, कण्हत संपतं. मला २०१७ ची गुलाबी बोंडअळी आठवली, वरून बोंड हिरवंगार आणि फोडलं की आत सरकी खाल्लेली, आवाज कसला नाही की काही नाही.

आता तक्रार, आणि ती मनापासून आहे. दलित कवी नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' हा कवितासंग्रह फळ्यावर लिहिला होता आणि वेळ संपला म्हणून सोडून दिला. ज्यांचं जग कधी धड उभंच राहू दिलं नाही त्यांनी नाशाबद्दल काय लिहिलं हे नाही वाचलं तर विषय अर्धाच राहतो, वेळ काढायचा होता तर येट्सवर कमी बोलायचं. एकही कवयित्री नव्हती. झेरॉक्सपण कोणाला दिल्या नाहीत, ऐकलेल्या ओळी घरी येईपर्यंत निसटतात.

पाचला सुरू करतात आणि आमच्या गावची शेवटची एसटी सातची, म्हणून चर्चा रंगात आली की आम्ही खेड्यावाले उठतो. चारला सुरू करा. पुढच्या वेळी गोलपिठ्यानेच सुरुवात करणार असाल तर मी दुपारच्या एसटीने येऊन बसतो.