जीबीएस: आयव्हीआयजी की प्लाझ्मा बदल?

जीबीएस म्हणजे गिलेन-बॅरे सिंड्रोम: बहुधा एखाद्या संसर्गानंतर प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते आणि हातपाय लुळे पडतात. तो वर्षाला लाखात एक-दोघांनाच होतो. कोविडमध्ये तो वाढेल अशी धास्ती होती. ब्रिटनमध्ये २०२० च्या मार्च-मेमध्ये उलट घटला. लॉकडाउनमुळे इतर संसर्ग कमी झाले, हे संभाव्य कारण.

उपचार दोन, गुण जवळपास सारखाच. आयव्हीआयजी, म्हणजे दात्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटिबॉडी, हातातल्या साध्या सलाइनच्या सुईतून जातं: दर किलो वजनाला रोज ०.४ ग्रॅम, पाच दिवस. ६० किलोच्या माणसाला १२० ग्रॅम, म्हणजे ५ ग्रॅमच्या २४ बाटल्या. बिल तिथेच फुगतं. वेगाने सोडलं की डोकं ठणकतं. मूत्रपिंड अधू असेल तर जपून.

प्लाझ्मा बदल, म्हणजे रक्तातला द्रव भाग मशीनने काढून त्याजागी दुसरा द्रव भरणं, बहुधा स्वस्त पडतो, पण मानेत किंवा जांघेत जाड नळी, मशीन आणि सरावलेला तंत्रज्ञ हवा. एक-दोन आठवड्यांत साधारण पाच फेऱ्या. ओठांभोवती मुंग्या आल्या तर सायट्रेटने (मशीनमध्ये रक्त गोठू नये म्हणून घालतात ते) कॅल्शियम उतरलंय. रक्तदाब डळमळत असेल तर आमचा कौल आयव्हीआयजीला.

आयव्हीआयजीनंतर लगेच प्लाझ्मा बदलू नये. महागडं औषधच धुऊन निघतं. स्टेरॉइडच्या गोळ्यांचा इथे उपयोग नाही.

विरार-कल्याणहून केईएम किंवा नायरला न्यायचं असेल तर आधी रुग्णाला एका श्वासात आकडे मोजायला लावा. वीसच्या आत दम संपला तर श्वासाचे स्नायू कमजोर झाले असू शकतात; टॅक्सी नको, व्हेंटिलेटरची अॅम्ब्युलन्सच बोलवा.