पणजीत दोन-तीन दिवस: पायी फिरावे की दुचाकी भाड्याने घ्यावी?

गोव्यात उतरल्याबरोबर दुचाकी भाड्याने घ्यायची, हा आपल्याकडे जवळजवळ रिवाजच झाला आहे. मुक्काम कळंगुटला किंवा पाळोळेला असेल, तर तो बरोबरही आहे. मुक्काम पणजीत असेल, तर मात्र पैसे भरण्यापूर्वी थोडा विचार करावा, कारण मांडवीच्या मुखाशी वसलेल्या या शहराचा जुना भाग इतका आटोपशीर आहे की तिथे गाडी सोयीपेक्षा अडचणच अधिक ठरते.

पाटो येथील, कदंब या गोव्याच्या सरकारी बससेवेच्या स्थानकातून निघून खाडीवरचा पूल ओलांडला की मळा आणि फोंतेन्हासची वस्ती लागते, आणि तिथून चर्चच्या चौकात पोहोचायला रमतगमत गेले तरी वीस मिनिटांहून जास्त वेळ लागू नये. या वस्तीचा आनंद पायीच घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. ३१ जानेवारी मार्गाच्या आसपासच्या गल्ल्यांमध्ये पिवळ्या, निळ्या, गेरूच्या रंगांची घरे एकमेकांना खेटून उभी आहेत, काही दारांशेजारी घराचे नाव निळ्या-पांढऱ्या फरशीवर रंगवलेले आहे, आणि सकाळी सातच्या सुमारास सायकलच्या मागे पावांची टोपली बांधलेला पोदेर भोंगा वाजवत येतो, तेव्हा एकेक दार किलकिले होते आणि पिशवी धरलेला एक हात बाहेर येतो. दुचाकीवरून जाणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही. मात्र ही लोकांची राहती घरे आहेत. त्यांच्या पायऱ्यांवर बसून छायाचित्रे काढू नयेत.

पायी फिरण्याच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. आल्तिनोची टेकडी चढताना दम लागतो, एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे ऊन सोसवत नाही, आणि त्याच वेळी बरीचशी दुकाने जेवण व वामकुक्षीसाठी बंद असतात. म्हणून सकाळी दहापर्यंत आणि संध्याकाळी साडेचारनंतर असे चालण्याचे दोन भाग करावेत. संध्याकाळसाठी चर्चच्या चौकापासून नदीकाठाने, कांपाल आणि कला अकादमीवरून मिरामारपर्यंतचा सुमारे तीन किलोमीटरांचा रस्ता उत्तम आहे. मोठ्या झाडांची सावली आहे आणि उजव्या हाताला नदी रुंदावत समुद्राला मिळताना दिसते.

परतीच्या वेळी पाय थकले असतील, तर पायलट करावा. पायलट म्हणजे प्रवासी वाहून नेणारा परवानाधारक मोटरसायकलस्वार. त्याच्या गाडीचा पुढचा मडगार्ड पिवळा असतो. भाडे बसण्यापूर्वीच ठरवावे. एकट्या माणसाला शहरातल्या शहरात याहून सोपे वाहन नाही, पण दोघे असाल तर दोन पायलट करावे लागतात आणि मोठी बॅग सोबत असेल तर त्याचा उपयोग नाही. बस सर्वांत स्वस्त. मिरामार आणि दोना पावलाकडे कदंबच्या विजेवर चालणाऱ्या गाड्याही जातात. म्हापसा, मडगाव यांसाठी शटल बस पाहावी. तिचे तिकीट आधी खिडकीवर काढावे लागते आणि ती वाटेत थांबत नाही. दहा किलोमीटरांवरच्या जुन्या गोव्याला जाण्यासाठीही बस पुरेशी आहे, कारण तिथली मुख्य चर्चेस एकमेकांपासून चालण्याच्या अंतरावर आहेत.

फेरीबोटीचा विचार पर्यटक सहसा करत नाहीत, आणि ही खरोखर हळहळ वाटावी अशी गोष्ट आहे. पणजीहून समोरच्या बेतीला जाणाऱ्या बोटीत पायी चढणाऱ्याला पैसे पडत नाहीत. १९८६ मध्ये मांडवीवरचा पूल कोसळला, तेव्हा या शहराला अशाच बोटींनी तारले होते. पलीकडे उतरून नदीकाठाने रेइश मागूशच्या किल्ल्यापर्यंत चालत जाता येते, आणि तिथल्या तटावरून पणजी जशी दिसते तशी ती पणजीतून कधीच दिसत नाही.

आता भाड्याची दुचाकी. हणजूण, शापोरा, बेतुल अशी लांबची ठिकाणे एका दिवसात पाहायची असतील, तर तिला पर्याय नाही. पण ती त्या एका दिवसापुरतीच घ्यावी. पणजीच्या मध्यवर्ती भागात एकेरी रस्त्यांमुळे शेजारच्या चौकात जायलाही वळसा पडतो, गाडी लावायला जागा मिळत नाही, आणि मांडवीवरच्या अटल सेतूवर दुचाकींना बंदीच आहे. जुन्या पुलांवरूनच जावे लागते. नंबरप्लेट काळी आणि अक्षरे पिवळी असतील तरच गाडी घ्यावी. खासगी पाटीची गाडी भाड्याने देणे बेकायदा आहे आणि पकडले गेल्यास मनस्ताप आपल्यालाच होतो. मी एकदा तीन दिवसांसाठी दुचाकी घेतली होती. त्यातले दोन दिवस ती हॉटेलखाली उभी राहिली, आणि परत करताना आधीपासूनच असलेल्या एका ओरखड्याचे पैसे माझ्याकडून घेतले गेले. तेव्हापासून गाडी ताब्यात घेतानाच मी चारही बाजूंनी तिचे फोटो काढून ठेवतो.

सोबत वयस्कर माणसे असतील, तर हा सगळा हिशेब बदलतो. अशा वेळी मुक्काम आल्तिनोवर न घेता चर्चच्या चौकाजवळ किंवा आझाद मैदानाच्या आसपास सपाट रस्त्यावर घ्यावा, आणि जुन्या गोव्यासाठी अर्ध्या दिवसाची टॅक्सी आदल्या संध्याकाळीच ठरवून ठेवावी. जून ते सप्टेंबर या काळात जाणार असाल, तर भाड्याच्या दुचाकीचा विचार सोडून द्यावा आणि सामानात छत्रीसोबत न घसरणाऱ्या चपला ठेवाव्यात, कारण टेकडीवरच्या पायऱ्यांवर त्या दिवसांत शेवाळ धरलेले असते.