सरकत्या काचेच्या दारासाठी बेअरिंगचे रोलर: काय जमले, काय राहिले

काचेचे सरकते दार अडू लागले की हात आपसूक तेलाच्या बाटलीकडे जातो आणि दुखणे वाढते ते तिथूनच. तेलाने ओली झालेली खालची पट्टी धूळ आणि केस धरून ठेवते, त्यांचा काळा, चिकट थर बसतो आणि चार दिवस हलके चाललेले दार पुढे पूर्वीपेक्षा जड होते. सिलिकॉनचा स्प्रे त्या मानाने बरा, कारण तो वाळल्यावर पट्टी फारशी चिकट राहत नाही. पण झिजलेल्या चाकावर त्याचाही इलाज चालत नाही. म्हणून येथे विचार केला आहे तो पल्ल्याखाली बसवायच्या रोलरच्या जोडीचा: नायलॉनचे चाक, त्याच्या पोटात स्टीलचे बॉल-बेअरिंग आणि बाहेरून स्टेनलेस स्टीलचे घर, म्हणजे चाक धरून ठेवणारे कवच.

या एवढ्याशा वस्तूवर भार किती असतो, याची सहसा कल्पना नसते. १ मीटर रुंद आणि २ मीटर उंच अशा ५ मिलिमीटर जाडीच्या काचेचेच वजन सुमारे २५ किलो भरते. दुहेरी काच असेल तर ते दुप्पट होते आणि चौकटीचे वजन निराळेच. हा सगळा भार खालच्या दोन रोलरवर येतो. जुना रोलर काढून पाहिला तेव्हा त्याचे चाक एका बाजूने सपाट झालेले होते आणि आसाभोवती केसांचा असा घट्ट वेढा पडला होता, की चाक फिरण्याऐवजी पट्टीवरून नुसते फरफटत जात होते. नवे चाक बोटाने फिरवले तर आवाज न करता बराच वेळ फिरत राहते आणि बाजूला हलवून पाहिले तरी आसावर डुगडुगत नाही. या किमान कसोट्या आहेत, आणि त्या खरेदीच्या वेळीच लावून पाहाव्यात.

बसवणे अवघड नाही, परंतु एकट्याने करण्याचे ते काम नव्हे. उंची ठरवणारे स्क्रू पल्ल्याच्या खालच्या कडेला, बहुधा प्लॅस्टिकच्या टोपणाखाली असतात. ते फिरवून चाके आत घ्यायची, पल्ला वरच्या खोबणीत उचलायचा आणि खालची बाजू आपल्याकडे ओढून तो बाहेर काढायचा. टफन्ड (तापवून कणखर केलेली) काच मधोमध बराच मार सोसते, पण तिच्या कोपऱ्याला फरशीचा टोला बसला तर क्षणात तिचा चुरा होतो. म्हणून पल्ला जाड गोधडीवरच टेकवावा. पट्टी आधी कोरड्या ब्रशने आणि मग साबणाच्या पाण्याने स्वच्छ करताना पाणी वाहून जाण्याची तिच्यातील छिद्रेही मोकळी करून घ्यावीत.

चालण्याच्या बाबतीत तक्रारीला जागा नाही. पूर्वी दोन्ही हातांनी रेटावे लागणारे दार आता एका हाताने सरकते. स्टीलची चाके जास्त भार पेलतात हे खरे, पण ती खडखडतात आणि ॲल्युमिनियमची पट्टी झिजवतात. त्यामुळे घरातल्या मध्यम वजनाच्या दाराला नायलॉनच योग्य, असे माझे मत आहे. मात्र नायलॉनवरही वाजवीपेक्षा जास्त वजन पडले तर ते पुन्हा सपाट होणार, हे गृहीत धरावे.

खरा दोष वेष्टनावरच्या माहितीत आहे. तिथे फक्त चाकाचा व्यास छापला आहे. रोलर बसणार की नाही, हे ज्यांवर ठरते त्या घराच्या उंची-रुंदीचा आणि चाकाची कड सपाट आहे की खाचेची याचा कुठेही उल्लेख नाही. जुना रोलर सोबत नेल्याशिवाय खरेदी करणे म्हणजे अंधारात तीर मारणे. सोबतचे स्क्रूही साध्या लोखंडाचे आहेत; पावसाचे पाणी जिथे पोहोचते तिथे ते गंजणारच, म्हणून त्यांऐवजी स्टेनलेस स्टीलचे लावणे श्रेयस्कर.

पट्टीच चेपली असेल, किंवा वरची तुळई झुकून चौकट पल्ल्याला दाबत असेल, तर हे रोलर घेऊ नयेत. पल्ला वरच्या बाजूला घासल्याच्या खुणा दिसल्या, तर आधी चौकटीचे काम जाणणाऱ्याला बोलवावे.