चेंबर वेल्डिंग एक नंबर, पण पॅकिंग लावताना तिथंच उभे राहा

वरुडवरून मोर्शीकडे निघालं का डाव्या हाताला एक टिनाचं शेड लागते, बोर्ड-बिर्ड काही नाही, बाहेर संत्र्याच्या फवारणीचे ब्लोअर उभे दिसले का समजायचं हेच दुकान. माझ्या जुन्या डिझेल गाडीचं ॲल्युमिनियमचं चेंबर, म्हणजे इंजिनखालची ऑइलची टाकी, पांदण रस्त्यानं फुटलं, बंडीच्या चाकोरीच्या मधातला गोटा सरळ ड्रेन प्लगवर (ऑइल काढायच्या बोल्टवर) बसला आन् प्लगच्या बाजूनं बोटभर तडा. गावातल्या मिस्तरीनं इपॉक्सी पुट्टी थापून दिली होती, पंधरा दिवसांत तिचे पोपडे निघाले आन् अंगणात ऑइलचं थारोळं. नवं चेंबर नागपूरवरून मागवायचं तर 7800 सांगून राहिले होते, म्हणून इथं आलो.

मालकानं चेंबर हातात घेतलं, नखानं खरवडलं, म्हणे, "भाऊ, हे तेल पेलेलं हाये, तापवलं का पोटातलं बाहेर येते." तसंच झालं. थिनरनं दोनदा धुतलं, टॉर्चनं शेकलं तरी पहिला टाका काळाकुट्ट, बुडबुड्याचा. त्यानं तो ग्राइंडरनं पूर्ण काढला, परत धुतलं, परत मारला, तिसऱ्या वेळी कुठं चांदीसारखा टाका बसला. त्याच्या आधी तड्याच्या दोन्ही टोकाला 3 एमएमचे भोकं पाडले, म्हणजे तडा पुढं पळत नाही. मशीन एसी टिग, म्हणजे आर्गन गॅसच्या आडोशात करंटनं वेल्डिंग करणारं. साध्या गॅसनं हे काम काहून होत नाही तेही त्यानं सांगितलं, ॲल्युमिनियम 660 डिग्रीला वितळते पण त्याच्यावर जी ऑक्साइडची साय असते ती 2000 च्या वर गेल्याशिवाय वितळत नाही, आन् हा धातू लोखंडासारखा लाल होऊन इशारा देत नाही, एकदम खाली गळून पडते.

मी त्याच्या हातानं एक मॉडिफिकेशनही करून घेतलं. मूळ प्लग सगळ्यात खाली लोंबत होता, मार तिथंच लागते, तर ते भोक बुजवून मागच्या उभ्या बाजूला प्लगसाठी नवा जाड गोल तुकडा वेल्ड केला, त्याच्या आत आटे पाडले, तांब्याचा वायसर. वेल्डिंग करताना चेंबर जाड लोखंडी प्लेटवर बोल्टनं आवळून ठेवलं होतं, तरी नंतर काचेवर ठेवून पाहिलं तर एका कोपऱ्यात फट मोजायची 0.20 एमएमची पाती सरकून राहिली होती. मग काचेवर पॉलिश पेपर टाकून अर्धा तास घासलं. शेवटी बाहेरून पातळ चुना पोतला, वाळू दिला, आत डिझेल भरून रात्रभर ठेवलं. सकाळी चुना कोरडा पांढरा, म्हणजे कुठं पाझर नाही. इथपर्यंत पाचपैकी पाच.

आता तक्रार. गाडीला चेंबर चढवायचं काम मालकानं पोऱ्याले दिलं आन् स्वतः चहाले गेला. पोऱ्यानं जुनं सिलिकॉन नीट खरवडलं नाही, आन् आरटीव्हीचा (पॅकिंग म्हणून लावायच्या सिलिकॉन पेस्टचा) असा जाड पट्टा मारला जसं लग्नात केकवर क्रीम. अरे बाप्पा, जेवढं बाहेर निघते तेवढंच आतही निघते, ते तुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकलं का इंजिनचे बेअरिंग गेले समजा! माझ्या साळ्याच्या ट्रॅक्टरचं असंच झालं होतं. मी थांबवलं, सगळं पुसायला लावलं, दोन्ही तोंडं ब्रेक क्लीनरनं साफ, मग 3 एमएमचा बारीक पट्टा, बोल्टच्या भोकाच्या आतल्या अंगानं, हातानं बोल्ट लावून थोडं थांबून मग पान्यानं तिरपे-तिरपे आवळले. बारीक बोल्ट ॲल्युमिनियममध्ये असतात, जोर लावला तर आटेच बाहेर येतात. पोऱ्या म्हणे दोन तासांत ऑइल टाका, मी दुसऱ्या दिवशी टाकलं.

एकूण 2200 घेतले, आर्गन धरून. चार महिने झाले, खाली पुठ्ठा टाकून पाहतो, एक थेंब नाही. फक्त प्लग बाजूला गेल्यानं तळातलं थोडं जुनं ऑइल आतच राहते, म्हणून ऑइल बदलताना गाडी पुढून बांधावर चढवतो, मग निघते पूर्ण.