बालवाडीसाठी युनिट ब्लॉक: रंग नको, माप बघा

बालवाडीच्या खेळाच्या कोपऱ्यासाठी एकच मोठी खरेदी परवडत असेल, तर ती साध्या, बिनरंगी लाकडी युनिट ब्लॉकची, म्हणजे एकाच मापाच्या पटीत कापलेल्या ठोकळ्यांची करावी. महाग आहेत, पण वर्षानुवर्षं टिकतात.

अमेरिकी शिक्षिका कॅरोलिन प्रॅट यांनी १९१४ साली न्यूयॉर्कमध्ये शाळा काढली, तिथे रुळलेलं माप आजही चालतं. मूळ ठोकळा साडेपाच इंच लांब, पावणेतीन इंच रुंद आणि त्याच्या निम्मा जाड. अर्धा, दुप्पट, चौपट, उतरण, खांब, सगळे याच हिशेबात. लांब ठोकळे संपले की मूल दोन आखूड जोडतं. अपूर्णांक असा हाताला लागतो, ताईंना फळ्यापाशी जावं लागत नाही.

दुकानात कसोटी सोपी आहे. चार ठोकळे आडवे एकावर एक रचा, शेजारी एक उभा करा. उंची तंतोतंत भरली पाहिजे. दर ठोकळ्यात एक मिलिमीटरची चूक असली तरी चारांत चार मिलिमीटर होतात. वरचा पूल डुगडुगतो आणि मुलाला वाटतं, आपल्यालाच जमत नाही. स्वस्त संच बहुधा इथेच मार खातात. दोन विक्रेत्यांचे संच एकत्र करायचे असतील तर हीच तपासणी आधी करा. लाकूड बीच किंवा रबरवुड. पाइनचे कोपरे लवकर दबतात. कडा किंचितच गोल हव्यात. आयएसआय खूण बघाच, खेळण्यांना ती १ जानेवारी २०२१ पासून सक्तीची आहे.

कमानी आणि घुमटांनी भरलेला डबा फोटोत छान दिसतो, खेळात अपुरा पडतो. गोठा किंवा स्टेशन बांधायला सरळ ठोकळेच खूप लागतात. सात-आठ मुलांच्या गटासाठी मूळ ६०, दुप्पट ४०, चौपट २०, अर्धे २४ आणि थोड्या उतरणी-खांब, एवढ्यावर निभतं.

टोपलीत ठेवू नका. हवा तो तुकडा सापडत नाही म्हणून मुलं सगळंच पालथं करतात. उघड्या, बुटक्या कप्प्यांत लांब बाजू समोर दिसेल असे लावा, फळीवर आकाराची रेघ काढा. कप्प्यांपासून दोन फुटांवर जमिनीला पट्टी चिकटवा. बांधकाम तिच्या पलीकडे, नाहीतर ठोकळा घ्यायला आलेला दुसऱ्याचा वाडा पाडतो. खाली पातळ सतरंजी अंथरा, मऊ गालिच्यावर मनोरे कलतात. वेळ किमान पाऊण तास द्या. वीस मिनिटं काढण्या-आवरण्यातच जातात. ताईंनी नमुना बांधून दाखवला की सगळ्यांचं तेच होतं, म्हणून बघा आणि विचारा: ‘हा पडत का नाही?’

धुऊ नका, ओलसर फडक्याने पुसा. कडक उन्हात वाळवले तर वाकतात. कुसळ निघालं तर २२० नंबरचा पॉलिश पेपर फिरवा. वरून वार्निशचा जाड हात मात्र देऊ नका, ठोकळे एकमेकांवरून घसरायला लागतात.